बस की गं जरा, चहा टाकते: एका वाक्यातून संगीत कसं काढायचं

आमच्या आजीचं एक वाक्य आहे, दारात कुणीही दिसलं की ती म्हणणारच, "बस की गं जरा, चहा टाकते." गेली दीड-दोन वर्षं मी ह्या एकाच वाक्यावर काम करतेय आणि त्यातून आत्तापर्यंत तीन रचना झाल्यात, एक नुसत्या तिच्या आवाजाची, एक व्हायोलिनबरोबरची, आणि एक चौघांनी मिळून तोंडाने म्हणायची. ऐकणारे विचारतात की हे नक्की करायचं कसं, काय काय लागतं, गाणं शिकलेलं असावं लागतं का, म्हणून एकदा बसून सगळं लिहून काढतेय. गाणं शिकलेलं नसलं तरी चालतं. कान लागतो, आणि वेळ लागतो, तो मात्र भरपूर.

आधी एक गोष्ट सांगते कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. बोलण्यावर संगीत चढवायचं नाहीये. खाली बीट, वर कुणाचं तरी बोलणं चिकटवलेलं, असं ढिगाने ऐकायला मिळतं, त्याला माझा विरोध नाही, पण ते वेगळं काम आहे. इथे चाल त्या बोलण्यातच असते, लयसुद्धा त्यातच असते, आपण ती ऐकू येईपर्यंत थांबायचं आणि मग तिच्या आड येणारं एकेक बाजूला करत जायचं.

हे खरंच होतं का, तर होतं, आणि ते तुम्ही आज रात्री करून बघू शकता. डायना डॉइच म्हणून कॅलिफोर्नियातल्या एक संशोधक आहेत, संगीत आणि मेंदू हा त्यांचा विषय. १९९५ मध्ये त्या स्वतःच्याच बोलण्याचं एक रेकॉर्डिंग तपासत होत्या, त्यातला एक छोटा तुकडा लूपवर, म्हणजे संपला की लगेच पुन्हा पहिल्यापासून, फिरत राहिला आणि त्या दुसऱ्या कामाला लागल्या, तर थोड्या वेळाने त्यांना वाटलं खोलीत कुणीतरी बाई गातेय. आवाज त्यांचाच, शब्द तेच, काहीही बदललेलं नव्हतं. पुढे त्यांनी आणि सहकाऱ्यांनी ह्यावर रीतसर प्रयोग केले, २०११ मध्ये ते छापून आले, आणि त्यातून कळलं ते आपल्या फार उपयोगाचं आहे: तुकडा प्रत्येक वेळी जसाच्या तसा परत आला तरच तो गाणं होतो. मध्येच सूर वरखाली केला किंवा शब्दांचे तुकडे उलटसुलट लावले की कान पुन्हा "हे बोलणं आहे" म्हणतो. म्हणून सुरुवातीला इफेक्ट लावायची घाई करू नका. फोनवर स्वतःचं दोन सेकंदांचं एक वाक्य रेकॉर्ड करा आणि १० वेळा ऐका, डोळे मिटून. पाचव्या-सहाव्या वेळेला काहीतरी हलतं.

कुठलं वाक्य घ्यायचं

हा सगळ्यात महत्त्वाचा निर्णय आणि बहुतेक जण इथेच घाई करतात. कविता घेऊ नका, भाषण घेऊ नका, सुविचार तर नकोच. रोजचं वाक्य घ्या, जे म्हणताना माणसाचं लक्ष बोलण्याकडे नसतं. दीड ते तीन सेकंद पुरे.

मराठीत आपल्याकडे ह्या कामासाठी एक खजिना आहे, तो म्हणजे वाक्याच्या शेपटीला लागणारे हे छोटे शब्द: की, ना, रे, गं, बाई, हो, बरं का. नुसतं "ये" म्हणा, मग "ये ना" म्हणा, "ये की" म्हणा, "ये रे" म्हणा, आणि "ये बाई एकदाची" म्हणा. क्रियापद एकच, पण चाली पाच. "ये ना" मध्ये ना ओढला जातो आणि वर जातो, लाडीगोडी असते त्यात. "ये की" मध्ये की टुणकन उडी मारतो आणि लगेच सुटतो. "ये बाई एकदाची" मध्ये बाईपासून जो उतार लागतो तो थेट शेवटपर्यंत. अर्थ त्या शब्दात फारसा नाहीच, तो सगळा सुरात आहे. वाक्य शोधताना मी आधी ही शेपटी शोधते.

आणि बोली जशी आहे तशीच ठेवा. मालवणी माणसाचा हेल, वऱ्हाडी माणसाचा ठेका, कोल्हापूरकडचं "की गं", हे तर मूळ भांडवल आहे. "जरा शुद्ध बोल ना" असं रेकॉर्डिंगच्या वेळी कुणी म्हटलं की ते वाक्य गेलंच म्हणून समजा.

अक्षरांकडेही बघा. म, न, ल, ळ आणि सगळे स्वर हे सूर धरून ठेवतात. क, च, ट, त, प, स हे सूर धरत नाहीत, ते ठेका देतात. आजीच्या वाक्यात दोन्ही आहेत म्हणून ते इतकं चालतं. त्यातला चहामधला च बघा, तो दातांमागचा च आहे, चारमधला नाही, त्यात थोडा स मिसळलेला असतो. लूपमध्ये दर फेरीला तो असा चुरचुरत येतो की झांजेच्या कडेला काडी लावल्यासारखं वाटतं. आणि टाकतेमधला ट, तो कोरडा, टणक. लिहिताना आपल्याला हे जाणवतच नाही.

रेकॉर्डिंग

फोन पुरतो. खरंच पुरतो. पण पंखा बंद, फ्रिज असलेल्या खोलीत नको, आणि फोन थेट टेबलावर ठेवू नका, खाली घडी केलेली चादर किंवा गोधडी घाला म्हणजे टेबलाचा दणका येत नाही. बोलणाऱ्याच्या तोंडापासून एक-दीड वीत अंतर, आणि समोर नाही, जरा बाजूला, नाहीतर प, फ, भ म्हणताना हवेचा भपका थेट माइकवर आदळतो आणि तो नंतर काही केल्या जात नाही. रिकाम्या खोलीत आवाज घुमतो, कपड्यांच्या कपाटाजवळ किंवा पडदे-गाद्या असलेल्या खोलीत बरा येतो. रेकॉर्डर ॲपच्या सेटिंगमध्ये जाऊन जी सगळ्यात वरची क्वालिटी असेल ती लावा, वेव्ह फाइल, म्हणजे न दाबलेली, मिळत असेल तर उत्तमच. व्हॉट्सॲपवरचा व्हॉइस मेसेज ह्या कामाला घेऊ नका, तो पाठवायला हलका व्हावा म्हणून दाबलेला असतो, बोलणं समजतं पण च आणि स ची धार गेलेली असते, आणि आपल्याला तीच तर हवीय. गावाकडून कुणी रेकॉर्डिंग पाठवणार असेल तर त्यांना सांगा, रेकॉर्डर ॲपमध्ये करा आणि डॉक्युमेंट म्हणून पाठवा.

माणसाला "परत एकदा म्हणा" सांगू नका, म्हणजे सांगून बघा पण उपयोग होत नाही. दुसऱ्यांदा म्हणताना माणूस वाक्य वाचून दाखवल्यासारखं म्हणतो आणि चाल सपाट होते. मी आजीला आधी सांगितलं की आज सकाळभर हा फोन इथे चालू राहणारे, चालेल ना, ती म्हणाली "राहू दे की", आणि मग मी तीनदा बाहेर जाऊन आत आले. तिसऱ्या वेळेला ते वाक्य पडलं, कुकरची शिट्टी नुकतीच विरत होती आणि ओट्यावर कपबशीचा आवाज होता. तो कपबशीचा आवाज मी ठेवलाय. स्टीव्ह राइश ह्या अमेरिकन संगीतकाराने १९६४ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या युनियन स्क्वेअरमध्ये एका रस्त्यावरच्या धर्मोपदेशकाचं बोलणं टेपवर घेतलं, बायबलमधल्या नोहाच्या पुराची गोष्ट सांगत होता तो, तेव्हा तिथलं एक कबूतर उडालं आणि त्याच्या पंखांची फडफड टेपवर आली. त्यातूनच १९६५ मध्ये त्याची पहिली गाजलेली टेपरचना झाली आणि ती फडफड त्यात ढोलासारखी वाजत राहते. तर मागचे आवाज पुसायच्या आधी एकदा विचार करा.

कापणं

ऑडॅसिटी नावाचं आवाज कापायचं-जोडायचं सॉफ्टवेअर वापरा, फुकट आहे आणि ह्या कामाला भरपूर आहे. फाइल उघडा, आधी मूळ फाइलची एक कॉपी वेगळ्या फोल्डरमध्ये टाका आणि तिला पुन्हा हात लावू नका. मग वाक्य मोठं करून बघा. स, च सारखे आवाज दाट केसाळ पट्ट्यासारखे दिसतात, स्वर नियमित लाटांसारखे दिसतात, आणि ट, क च्या आधी एक बारीकशी रिकामी जागा असते, जीभ टेकलेली असते तेव्हाची.

कापताना वाक्याच्या आधीचा श्वास कापू नका. श्वास गेला की लूप मशीनचा वाटतो. निवड केल्यावर झेड दाबा, म्हणजे कापायची जागा लाट शून्यावर येते तिथे सरकते आणि जोडावर टक् असा आवाज येत नाही.

आता खरं काम, म्हणजे वाक्यानंतरची शांतता. लूपची लय वाक्यावर जेवढी ठरते तेवढीच ह्या गॅपवर ठरते, आणि ह्यावर मी अक्षरशः दोन आठवडे घालवलेत. आजीचं वाक्य १.९ सेकंदांचं आहे. गॅप ठेवलाच नाही तर ते धापा टाकत पळतं. एक सेकंद ठेवला तर प्रत्येक वेळी नवीन वाक्य सुरू झाल्यासारखं वाटतं, फेरा बनत नाही. ०.५ सेकंद ठेवल्यावर एकूण २.४ सेकंद झाले आणि एकदम ते बसलं, कारण २.४ चे चार समान भाग केले की ०.६ सेकंदाची एक मात्रा होते, म्हणजे मिनिटाला १००, आणि टाकतेचा ट जवळजवळ बरोब्बर तिसऱ्या मात्रेवर येत होता. हे गणित मी नंतर केलं. आधी कानाला बसलं, मग मोजलं. तुमच्या वाक्याचा आकडा वेगळा येईल, पण पद्धत हीच ठेवा, गॅप अगदी थोडा थोडा कमीजास्त करत जा आणि पाय आपोआप हलायला लागला की थांबा.

दोन आवाज, एक जरासा पुढे

ही माझी सगळ्यात आवडती जागा आहे म्हणून जरा सविस्तर सांगते. राइशकडे त्या वेळी दोन टेपरेकॉर्डर होते, दोन्हींवर एकच लूप, एकत्र सुरू केले. पण दोन मशीन अगदी एका वेगाने कधीच चालत नाहीत, त्यामुळे एक हळूहळू मागे पडत गेलं, आणि त्या मधल्या प्रवासात त्याला जे ऐकू आलं तेच त्याने रचना म्हणून ठेवलं. कॉम्प्युटर असा आपोआप चुकत नाही, आपल्याला ते ठरवून करावं लागतं.

ऑडॅसिटीत लूपच्या दोन प्रती दोन ट्रॅकवर ठेवा. पहिली २.४ सेकंदांची तशीच. दुसरीच्या गॅपमधून फक्त २० मिलिसेकंद कापा, ती झाली २.३८ सेकंदांची. वेग बदलून लहान करू नका, वेग बदलला की सूरही बदलतो आणि मग दोन्ही आवाज एकमेकांशी भांडतात, शांततेतून कापलं की सूर शाबूत राहतो. दोन्ही ट्रॅक रिपीट कमांडने वाढवा, पहिला १२० फेऱ्या, दुसरा १२१. एक डाव्या कानात टाका, एक उजव्या. हेडफोन लावा आणि ऐका.

पहिल्या फेरीत दोघं एकच आहेत, आवाज डोक्याच्या मधोमध येतो. दुसऱ्या फेरीला २० मिलिसेकंदांचा फरक पडतो, तरी एकच आजी ऐकू येते, फक्त आवाज एका बाजूला झुकतो आणि जरा पोकळ होतो, माठात बोलल्यासारखा. तीन-चार फेऱ्यांत फरक ६०-८० पर्यंत जातो आणि आवाज फाटतो, आता ती देवळाच्या सभामंडपात बोलतेय असं वाटतं. मग बराच वेळ गोंधळ. इथे घाबरायचं नाही आणि काही दुरुस्तही करायचं नाही, हा गोंधळ लागतोच. ३० फेऱ्यांनंतर, म्हणजे साधारण १ मिनिट १२ सेकंदांवर, फरक बरोबर एका मात्रेचा होतो आणि सगळं पुन्हा स्वच्छ होतं, फक्त आता दोन बायका आहेत, एक दुसरीच्या मागोमाग म्हणतेय. २ मिनिटं २४ सेकंदांवर फरक अर्ध्या लूपचा होतो, आणि तिथे एकीचं "चहा टाकते" दुसरीच्या "बस की गं" च्या पोटात जाऊन बसतं, दोघी एकमेकींना बसवतायत आणि दोघीही चहा टाकतायत. मी पहिल्यांदा ती जागा ऐकली तेव्हा हेडफोन काढून ठेवले, काही वेळ काही सुचलंच नाही. ४ मिनिटं ४८ सेकंदांवर दोघी पुन्हा एक होतात.

एवढंच करा आणि थांबा. मी पहिल्यांदा केलं तेव्हा आठ आवाज चढवले होते, रिव्हर्ब म्हणजे आवाज घुमवणारा इफेक्ट दिला होता, खाली तंबोरा लावला होता, आणि त्यात आजी कुठे होती ते मलाच सापडेना. एकेक काढत काढत दोनवर आले तेव्हा ती परत आली. राइशने १९६६ च्या रचनेत एक आवाज दोन, चार, आठ असा वाढवत नेलाय हे खरं, पण तिथे त्याला कारण होतं, त्याबद्दल खाली येतेच.

वाक्याचे सूर काढणं

इथून पुढे वाद्य. प्राट नावाचं एक सॉफ्टवेअर आहे, ॲमस्टरडॅम विद्यापीठातल्या दोन भाषाशास्त्रज्ञांनी बनवलेलं, फुकट आहे. डच भाषेत त्या शब्दाचा अर्थ होतो "बोल". त्यात फाइल उघडली की आवाजाचा सूर कसा वरखाली गेला त्याची निळी रेघ दिसते. बाईच्या आवाजाला १०० ते ५०० हर्ट्झ आणि पुरुषाच्या आवाजाला ७५ ते ३०० ही मर्यादा घालून द्या, नाहीतर ते मध्येच एक सप्तक वर किंवा खाली उडी मारतं आणि आपण फसतो. रेघ मध्ये मध्ये तुटलेली दिसेल, घाबरू नका, क, च, ट, स ह्यांना सूर नसतो म्हणून ती तिथे तुटते.

आजीच्या वाक्यात "बस" साधारण १८५ वर आहे, म्हणजे पेटीवर काळी तीन. "की" थेट २७७ ला जातो, ती वरची काळी एक. काळी तीनला सा धरला तर हा पंचम झाला, सा वरून एका झेपेत प. ही झेप ती रोज घेते, कुणालाही चहाला बसवताना. मग "गं" साधारण २६० वरून २२० पर्यंत घसरतो, ह्याला एक सूर नाहीच, ती सरळ मींड आहे, एका सुरावरून दुसऱ्यावर न तुटता घसरणं. "जरा" रे च्या आसपास, "चहा" वर पुन्हा गंधाराकडे जरा उचल, आणि "टाकते" सा वर येऊन टेकतं.

आकडे बघून पेटीवर शोधा, पण शेवटचा निर्णय कानाचा. लूप चालू ठेवा आणि आधी तोंडाने गुणगुणा, शब्दाशिवाय, नुसतं अं अं करत. आपला गळा मींड आपोआप घेतो. तोंडात बसलं की मग वाद्यावर जा. पेटी थांबायच्या जागांना ठीक आहे, पण घसरणाऱ्या जागा तिच्यावर येत नाहीत, त्याला व्हायोलिन, सारंगी, बासरी, किंवा गिटारवर स्लाइड. माझी मैत्रीण व्हायोलिन वाजवते, तिने चार दिवस नुसता तो "गं" बसवला.

राइशने १९८८ मध्ये क्रोनोस क्वार्टेट ह्या चार तंतुवाद्यांच्या गटासाठी आगगाड्यांवरची जी रचना केली ती ह्या पद्धतीचा सगळ्यात मोठा नमुना आहे. लहानपणी तो न्यूयॉर्क ते लॉस एंजेलिस असा आगगाडीने जायचा यायचा, १९३९ ते १९४२ च्या काळात, आणि नंतर त्याच्या मनात आलं की तो ज्यू मुलगा त्याच वर्षांत युरोपात असता तर त्याला वेगळ्याच गाड्यांत बसवलं असतं. म्हणून त्याने आपली सांभाळणारी बाई, एक म्हातारे रेल्वे पोर्टर आणि छळछावण्यांतून वाचलेले लोक, ह्यांच्या बोलण्याचे तुकडे घेतले. बायकांच्या बोलण्याची चाल व्हायोला वाजवतो, पुरुषांची चेलो, आणि वाद्य कधी आवाजाच्या आधी येतं, कधी बरोबर. वाक्य बदललं की लय बदलते, सूर बदलतो, वाद्यांनी बोलण्याच्या मागे जायचं. हे लक्षात ठेवा, कारण बोलणं मेट्रोनोमवर, म्हणजे यंत्राच्या ठरावीक टकटकीवर, ओढून बसवायचा मोह फार होतो, आणि सॉफ्टवेअरमध्ये त्याचं बटणही असतं. दाबू नका ते.

व्हायोलिन चांगलं बसल्यावर एक करून बघा. आठ फेऱ्या आवाज आणि व्हायोलिन एकत्र, मग आवाज काढून टाका. ऐकणाऱ्याला पुढच्या फेऱ्यांतही "चहा टाकते" ऐकू येत राहतं.

मशीनशिवाय, नुसत्या तोंडाने

ज्यांना कॉम्प्युटरचा कंटाळा आहे त्यांनी इथूनच सुरू करा. झुरिकमध्ये २३ जून १९१६ ला हुगो बाल हा जर्मन कवी पुठ्ठ्याचा पोशाख घालून काबारे व्होल्टेअर नावाच्या क्लबच्या स्टेजवर उभा राहिला, त्या पोशाखात त्याला चालता येईना म्हणून उचलून नेलं होतं, आणि कुठल्याच भाषेत नसलेले शब्द तो म्हणायला लागला. पहिलं महायुद्ध चालू होतं, वर्तमानपत्रांनी आणि भाषणांनी शब्द नासवलेत असं त्याचं म्हणणं होतं. म्हणता म्हणता त्याचा आवाज आपोआप चर्चमधल्या पाद्र्याच्या पठणासारखा व्हायला लागला, हे त्याने स्वतः डायरीत लिहून ठेवलंय. पुढे कुर्ट श्विटर्स ह्या जर्मन कलाकाराने राउल हाउसमान ह्या दुसऱ्या कलाकाराच्या एका पोस्टरवरची अर्थहीन अक्षरं घेऊन दहाएक वर्षं खपून आख्खा चार भागांचा सोनाटा रचला, नुसत्या तोंडाने म्हणायचा, तो १९३२ मध्ये छापला. रेकॉर्डिंग मिळतात, जरूर ऐका.

आपल्याला हे अजिबात परकं वाटत नाही, कारण तबल्याची पढंत, म्हणजे तोंडाने बोल म्हणणं, आपण ऐकलेली असते, कथकमध्ये तर नाचणारी तुकडा नाचण्याआधी थांबून बोल म्हणूनच दाखवते. फरक एवढाच की धा, तिरकिट, धिं ह्यांच्या मागे हाताचे आघात उभे आहेत, आणि आपण जे करणार त्यामागे बोललेलं वाक्य. आणि "अडगुलं मडगुलं" वर तर आपण सगळेच मोठे झालो, त्यातल्या मडगुलंला बाळ अर्थ विचारत नाही.

तर चौघं बसा. चौकटीची वही घ्या, एक चौकट म्हणजे एक मात्रा. पहिल्याने वाक्यातले फक्त स्वर धरायचे, अ-ई-अं-अ-आ, अ-आ-आ-ए, लांब, सूर न सोडता. दुसऱ्याने फक्त व्यंजनं, ब्स् क् ग् ज्र्, च् ह् ट् क् त्, श्वासाने, आवाज न लावता. तिसऱ्याने फक्त "की" म्हणायचं, त्याच्याच जागेवर, बाकी वेळ गप्प, हे सगळ्यात अवघड आहे. चौथ्याने पूर्ण वाक्य म्हणायचं पण एक मात्रा उशिरा. मोठं म्हणायचं तिथे अक्षर मोठं लिहा, हळू तिथे बारीक, घसरायचं तिथे अक्षराला शेपूट काढा. एवढी लिपी पुरते. पहिले दोन दिवस हसू येतं सगळ्यांना, येऊ द्या. तिसऱ्या दिवशी व्यंजनवाला आणि "की" वाला एकमेकांकडे बघायला लागतात, तिथून ते जमतं.

खळखळ, सळसळ, रिमझिम, किणकिण असले शब्द घ्यायचा मोह होईल. मी घेत नाही. त्यात आवाजाचं चित्र आधीच रंगवलेलं असतं, म्हणता म्हणता शाळेतल्या समूहगीतातला पाऊस होतो तो. "पिनकोड", "उद्या ये", "सुट्टे आहेत का" ह्यात जास्त सापडतं.

विचारल्याशिवाय नाही

भाजीवाल्याची आरोळी, एसटी स्टँडवरचं बोलणं, फोनवर भांडणारा माणूस, सगळं घ्यावंसं वाटतं. न विचारता घेऊ नका. घरच्यांनाही विचारा, आधी, आणि तयार झाल्यावर पहिल्यांदा त्यांनाच ऐकवा, त्यांनी नको म्हटलं तर ते तिथेच थांबलं. माणसाचा आवाज शंभरदा फिरवणं म्हणजे त्याचा चेहरा शंभरदा लावण्यासारखं आहे.

मघाशी १९६६ च्या रचनेचं म्हटलं, ती न्यूयॉर्कमधल्या हार्लेमच्या सहा काळ्या पोरांच्या खटल्याला पैसे उभे करायला केली होती. त्यातला डॅनियल हॅम पोलिसांच्या मारहाणीनंतर काय झालं ते सांगतो, रक्त वाहत असलेल्यांनाच दवाखान्यात नेत होते म्हणून त्याने स्वतःचा मुका मार दाबून फोडला, रक्त दिसावं म्हणून. राइश ते पूर्ण वाक्य आधी तीनदा, जसंच्या तसं ऐकवतो, आणि मगच त्यातले शेवटचे पाच शब्द फिरायला लागतात, दोनाचे चार, चाराचे आठ, शेवटी शब्द उरतच नाहीत, नुसता कल्लोळ. ते आधी तीनदा ऐकवणं मला फार महत्त्वाचं वाटतं. माझ्या प्रत्येक रचनेत मी आधी वाक्य पूर्ण, न कापता, मागच्या भांड्यांच्या आवाजासकट ऐकवते. माणूस आधी भेटला पाहिजे.

आजीला ऐकवलं तेव्हा ती पूर्ण पाच मिनिटं ऐकत बसली, मग म्हणाली, "माझी आईबी असंच म्हणायची, की वर असंच जायची ती." म्हणजे तो पंचम तिच्याही आधीचा आहे.

शेवटी फाइलला नाव देणं. नवीन रेकॉर्डिंग एक, नवीन रेकॉर्डिंग दोन असं ठेवू नका, सहा महिन्यांनी काही कळत नाही. लेओश यानाचेक, ब्रनो शहरातला चेक संगीतकार, अनेक वर्षं लोकांच्या बोलण्याच्या चाली खिशातल्या वहीत सुरांत उतरवत फिरायचा, बाजारातल्या बायका, पोरं, ओळखीचे, अनोळखी, आणि शेजारी लिहून ठेवायचा की कोण, कुठे, कधी. १९०३ मध्ये त्याची वीस वर्षांची मुलगी ओल्गा गेली, तिचे शेवटच्या दिवसांतले शब्दसुद्धा त्याने असेच सुरांत लिहून ठेवलेत. ती सवय मी त्याच्याकडून घेतली. माझ्या त्या फाइलचं नाव आहे: आजी, स्वयंपाकघर, मंगळवार, सकाळी साडेसात, कुकरची दुसरी शिट्टी विरताना, मी दारात, चप्पल अजून पायात.